मॉनिटरवरचा पुठ्ठा

१९९७ च्या मार्चमध्ये सांगलीतल्या एका बेदाणा व्यापाऱ्यासमोर आमच्या कार्यालयाचा प्रोग्रॅम चुकला. चूक होणार असल्याचा इशारा आधीच पडद्यावर आलेला होता. त्यावर पुठ्ठा होता.

पुठ्ठा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीनं लावला होता. ती साताऱ्याची. मीही तिथलाच, दैनिकातली बातमीदारी सोडून सांगलीत प्रोग्रॅमच्या माहितीपुस्तिका लिहीत होतो. शीतगृहात कुठला माल कुठल्या खोलीत आहे, हे सांगणारा प्रोग्रॅम तिनं करायचा होता. व्यापाऱ्यानं तो घेतला तर नोकरी कायम, नाही तर महिनाअखेरीला साताऱ्याला परत, असं आमच्या मालकांनी तिला सांगितलं होतं.

अडचण नव्या सॉफ्टवेअरची होती. जुन्यात काळा पडदा आणि त्यावर ओळी, एवढंच असे. नव्यात लिहायच्या जागेच्या वर चित्रांच्या बटणांच्या रांगा, डावीकडे फायलींची उतरंड, उजवीकडे रंगीत चौकटी, खाली सतत सरकणाऱ्या मजकुराची पट्टी. ती एक ओळ लिहायची. डोळे वर जायचे, मग उजवीकडे. एखादी चौकट ओढून बाजूला करावी तर ती दुसरीवर बसायची. तोवर पुढची ओळ डोक्यातून गेलेली असायची. चौकटी बंद करता येत, पण मशीन सामाईक होतं. दुसरं कुणी बसून उठलं की सगळ्या परत उघड्या. तिचा पाय टेबलाखाली हलत राहायचा. टेबलही एकच होतं, त्यामुळे माझा कागदही हलायचा. चहा मागवून ती गॅलरीत जायची आणि तो तिथंच ठेवून परत यायची.

साताऱ्याच्या टायपिंग क्लासमध्ये, कळांकडे बघू नये म्हणून, बाई बोटांवर पुठ्ठ्याचं झाकण ठेवत. एका सकाळी तिनं साडीचा खोका कापला, मधे खिडकी पाडली आणि पुठ्ठा वरच्या कडेला चिकटपट्टीनं मॉनिटरवर लावला. खिडकीतून फक्त तिच्या ओळी दिसत. काम वेगानं पुढं गेलं. पाय मात्र पूर्ण थांबला नाही.

व्यापारी आले ते आधी पुठ्ठ्याकडंच बघत राहिले.

"काय गं पोरी, घोड्याला घालत्यात तसली झापडं ह्या डब्याला कशाला?"

"डब्याला न्हाईत, आण्णा. घोडं मी हाय."

ते हसले. तिनं पुठ्ठा वर उचलून प्रोग्रॅम सुरू केला. त्यानं पट्टीसकट अख्खा पडदा व्यापला. तिचे नमुन्याचे क्रमांक बरोबर आले. मग त्यांनी स्वतःच्या मालाचा एक क्रमांक सांगितला. तो फार मोठा होता. इतर व्यापारी पाडव्याला क्रमांक पुन्हा एकपासून धरत. आम्ही तेच गृहीत धरलं होतं.

"आमच्यात मोडत न्हाईत. वडलांपासनं सलग चालू हाय."

तिनं क्रमांक टाकला. पडद्यावर वेगळाच आकडा आला, आधी उणे चिन्ह.

व्यापारी माझ्याकडं वळले. "उणा बेदाणा कसा असतो रं? दाव की गड्या."

आमचे मालक पंख्याकडं बघत होते. व्यापारी उठले. "सौदं उरकून येतो. तवर झालं तर बघू. न्हाई तर ऱ्हाऊ दे."

ती बसली. सवयीनं पुठ्ठा खाली ओढला आणि ओळी वरपासून वाचत गेली. काही सापडलं नाही. पुन्हा वाचल्या. टेबल हलत होतं. मी म्हणालो, "खालच्या पट्टीत काय आहे?" तिनं पुठ्ठ्याची खालची कड ओढून फाडली.

पट्टीत इंग्रजी ओळ होती. अर्थ असा : मोठी संख्या लहान जागेत ठेवली जात आहे, आकडे बिघडू शकतात. पुठ्ठा लावल्यापासून प्रोग्रॅम तयार करताना प्रत्येक वेळी ती ओळ तिथं येत होती. तिनं प्रोग्रॅममध्ये मालाच्या क्रमांकासाठी ठेवलेली जागा वाढवली.

सौदे संपवून व्यापारी परत आले. त्यांनी तोच क्रमांक सांगितला. तोच पडद्यावर आला, शेजारी खोलीचा नंबर.

"उणं गेलं व्हय?"

"गेलं, आण्णा."

"आन झापडं?"

"खालचं काढलं."

त्यांनी प्रोग्रॅम घेतला. एप्रिलमध्ये ती त्याच टेबलाशी कामाला होती. मॉनिटरवर पुठ्ठ्याची वरची आणि बाजूंची पट्टी होती. खालची नव्हती.