उपडी बादली

पेण ते रोहा एसटीने हिंडत आरोग्याचं काम केलं की किस्से पर्समधल्या तिकिटांसारखे साठत जातात. माझ्या पर्समधले बहुतेक माझ्याच बावळटपणाचे. ऑफिसात ते माझ्याआधी पोचतात, म्हणून म्हटलं, आता मीच सांगते.

रोह्याजवळ वरसे गावात सुलभा राहते. धंदा करते, लपवत नाही. दाराबाहेर बादली उपडी असली की आज काम बंद. हे गिऱ्हाइकांना ठाऊक, मला कुठलं? पहिल्याच भेटीत मी ती बादली सुलटी केली, पुसूनही ठेवली. स्वच्छतेवर सेशन घेतलं होतं ना नुकतंच!

पाच मिनिटांत एक जण हजर.

"आज नाय," सुलभा म्हणाली.

"बादली तर सुलटी हाय."

"मग बादलीसंगं बस."

*

पुढच्या महिन्यात मी तिला 'नाही कसं म्हणावं' याचं ट्रेनिंग दिलं. चार्टबिर्ट लावून. शेवटी विचारलं, काही शंका?

"ताई, नाय म्हणता येतं आमाला. त्यांना ऐकता येत नाय. चार्ट तिकडं लावा."

*

मग मी तिला सुधारायला घेतलं. पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम मिळवून दिलं. हात छान होता तिचा. तिसऱ्या दिवशी मालक म्हणाला, "आज उशिरापर्यंत थांबायचं. घरचंच काम समजा." सुलभाने ब्रश धुतला आणि निघाली.

मी चिडले. ती म्हणाली, "धंदा काय गोड नाय, ताई. पण तिथं थांबायचं का नाय, मी ठरवते."

*

त्यानंतर एका ओळखीच्या गिऱ्हाइकाने उपडी बादली लाथेने उडवली आणि आत शिरला. ती नको नको म्हणत असताना जबरदस्ती केली. मनगट सुजलं होतं तिचं.

"तक्रार देणार," ती म्हणाली.

मीच घाबरले. "गावभर नाव होईल गो."

"माझं हायच. आता त्याचं होऊ दे."

चौकीत हवालदार म्हणाले, "पैसे घेतेस ना? मग जबरदस्ती कसली?"

"साहेब, रिक्षावाला पण पैसे घेतो. तो नाय म्हणाला तर त्याला मारून रिक्षा नेतात काय?"

दोनदा आम्हाला बाहेर काढलं. तिसऱ्यांदा तिने खुर्ची ओढली आणि बसली. संध्याकाळी तक्रार लिहून झाली. ती म्हणाली, वाचून दाखवा. त्यात एक ओळ होती, 'सदर महिला राजी होती.'

"पयल्यापासून लिवा," सुलभा म्हणाली. लिहिलं त्यांनी.

*

आठवड्याभराने तो पकडला गेला. कळल्या कळल्या मी पेणहून धावत वरसे गाठलं आणि तिचं दार बडवलं.

"सुलभा, उघड गो! पकडला त्याला!"

"ऐकलं," आतून आवाज आला. "बादली बघितलीत?"

बघितली. उपडी होती.

"अगो, मी आहे!"

"तो पण हेच म्हणाला होता."