न्हाणीबाहेरचा आवाज

हे सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. मामूंचा विषय निघाला की त्यांच्या शिलाईचं कौतुक करून वेळ मारून नेत आलो.

मामू दार लावू देत नसत. कुवेतला हवल्ली भागात एका खोलीत आम्ही पाचजण राहत होतो, सगळे रत्नागिरीकडचे; त्यांतले वयानं मोठे ते शिंपी, म्हणून सगळ्यांचेच मामू. धुळीचं वादळ उठलं की बाकीचे दारासाठी ओरडत आणि मामू उंबऱ्यात बसकण मारत. "वाळू खाईन, पण कडी नको." दुकानातलं शिवणयंत्रही त्यांनी दाराशीच मांडलं होतं.

चाळिशीतच त्यांना छातीत धडधड, पोटात जळजळ, झोपेचं नाव नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. मामू हसले. "तो माझ्या छातीला नळी लावतो. त्या कोठीला कोण लावील?" लहानपणी चुलता त्यांना भाताच्या कोठीत कोंडून शेतावर जाई. ओरडून ओरडून घसा बसे, बाहेरून कोणी ओ देत नसे.

न्हाणी शेजाऱ्यांशी सामाईक, तिचं दार मात्र लावावंच लागे. म्हणून ते आत असेपर्यंत मी बाहेर उभा राहून बोलायचो. "काय पण बोल रे बाबू, फक्त गप ऱ्हाव नको." मी खोलीतल्यांच्या नकला करी. आतून आवाज येई, "हसवू नको गाढवा, साबण डोळ्यात गेला!" हळूहळू त्यांची आंघोळ लांबू लागली. झोपही लागू लागली.

एका सुट्टीला माझे मित्र आले होते. त्यांना गंमत दाखवायची म्हणून मी मध्येच गप्प झालो.

"बाबू? बाबू रे?"

आम्ही तोंड दाबून हसत होतो. मग दारावर धडका बसू लागल्या. कडी आतूनच होती, पण त्यांच्या हाताला ती सापडत नव्हती. दार मोडून बाहेर काढलं तेव्हा त्यांची बोटं रक्ताळलेली होती.

त्यांची धडधड परतली, झोप गेली. थोड्याच दिवसांत ते बोटीनं गावी गेले.

पुढं रजेवर गेलो तेव्हा माफी मागायला त्यांचं घर गाठलं. परसात न्हाणीचं दार लावलेलं होतं. बाहेर मामी वाल सोलत एकसारखी बोलत होती. मी कुवेतहून आलोय म्हटल्यावर खुलली. "बोल हो जरा त्यांच्याशी, मी चूल बघून येते."

"कोण आलंय?" आतून मामूंनी विचारलं. "बोल की."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. धावत जाऊन मामीला परत पाठवलं आणि तसाच वाटेला लागलो. मागं तिचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मामू, मी बाबू. चुकलो. एवढंच बोलायचं होतं.