सीटवरचं फडकं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते दगडूमामाचे. माझ्या आईचा हा थोरला भाऊ, मंगळवेढ्याचा. माळशिरसच्या एका बागायतदाराची गाडी त्यानं उभा जन्म चालवली आणि मला शिकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आज सरकारी कार्यालयात इंजिनिअर आहे तो त्याच्यामुळं. त्याच मामाला सोलापुरातल्या एका शोरूममध्ये सेल्समन म्हणाला, "ए ड्रायव्हर, सीटला हात लावू नको."

मी शेजारीच उभा होतो.

नवी गाडी निवडायला मीच त्याला बोलावलं होतं. सकाळच्या एसटीनं आला. स्टँडवरच चेष्टा सुरू. "चला इंजिनेर सायेब, आज तुमची मोटार घिऊ." शोरूममध्ये त्यानं गाडीखाली वाकून बघितलं, टायरवर थाप मारली. मग सवयीनं मागचं दार उघडून बाजूला झाला. आणि मी आत बसलो. नुसती मागची सीट बघायला, असं मी अजून स्वतःला सांगतो.

सेल्समननं ते पाहिलं. त्याला काय समजायचं ते तो समजला. मामानं पुढची सीट हात टेकून दाबून बघितली तेव्हा तो ओरडला. खिशातून पिवळं फडकं काढलं आणि मामाचा हात लागलेली जागा पुसली.

मला दुसरं एक फडकं आठवलं. बागायतदाराच्या गाडीत मामाच्या सीटवर वेगळं फडकं असायचं. मालकाचा मुलगा चालवायला बसला की ते काढायचं आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवायचं. का, ते कुणी बोलून दाखवत नसे. आमची जात सगळ्या गावाला ठाऊक होती.

"सर, ड्रायव्हरला बाहेर थांबायला सांगा ना," सेल्समन मला म्हणाला.

मामानं माझ्याकडं बघितलं. मी हातातलं माहितीपत्रक बघत राहिलो.

"थांबतो की सायेब," मामाच म्हणाला. जाता जाता माझ्या कानाशी पुटपुटला, "क्लच कुटं धरतुया ते बघ."

टेस्ट ड्राइव्हला मी आणि सेल्समन दोघंच निघालो. काचा बंद, एसी चालू. तो सांगत होता, "ड्रायव्हर लोकांना आम्ही बसवतच नाही सर. सीटला वास राहतो. नंतर येणाऱ्या चांगल्या लोकांनी काय करायचं? तुमच्यासारख्यांना कळतं हे."

मी "हं" म्हणालो.

एवढंच. हं. या एका हुंकाराची मला जेवढी किळस येते तेवढी त्या माणसाचीही येत नाही. एसीत माझी पाठ घामानं भिजली होती. तो घाम चालत होता त्याला. इस्त्रीच्या शर्टातला होता.

परत आलो. मामा उन्हात उभा होता. बाकडं होतं, तरी उभाच. गाडी थांबताच पुढं आला, माझं दार उघडलं. माझं डोकं लागू नये म्हणून दाराच्या वरच्या कडेला तळहात धरला. बागायतदारासाठी धरायचा तसा.

त्या हाताखालून मला उतरता येईना.

"हे माझे मामा आहेत," मी बसल्या जागेवरून सेल्समनला सांगितलं. "गाडी यांनी चालवून बघायची आहे."

तो हसला. मग हसायचा थांबला. "मग आधी सांगायचं ना सर." मामाकडं वळून म्हणाला, "या की काका. एक मिनिट, सीटवर प्लास्टिक टाकतो."

"माझ्यासाठी टाकलं नव्हतं," मी म्हणालो.

मी उतरलो. किल्ली सेल्समनच्या हातात दिली. टेस्ट ड्राइव्हआधी भरून दिलेला बुकिंगचा फॉर्म मागून घेतला आणि त्याच्यासमोर फाडला. मामा माझी बाही ओढत होता. "चल लेका. ऱ्हाऊ दे."

एसटीत चढताना तो एवढंच बोलला, "गाडी चांगली हुती रं. आवाजावरनं कळलं मला."

होस्टेलवरून मी मामाला पत्रं लिहायचो. ती त्यानं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली आहेत. हे फोनवर बोलणं मला जमलं नसतं. म्हणून त्याच रात्री पुन्हा पत्र लिहिलं, सकाळी टाकलं.

"मामा,

'आधी सांगायचं ना' असं तो म्हणाला. ते खरं होतं. मी आधी सांगितलं नाही. तू बाहेर गेलास तेव्हाही नाही, आणि गाडीत तो तुझ्याबद्दल घाण बोलल्यावर मी 'हं' म्हणालो. हे तुला माहीत नव्हतं. आता माहीत असू दे.

माफी मागत नाही. मागितली तर तू 'असू दे लेका' म्हणशील आणि मी सुटेन. मला सुटायचं नाही.

रविवारी ये. दुसऱ्या शोरूमला जाऊ. तू कोण ते मी दारातच सांगेन. गाडी तू चालवायची, मी शेजारी बसेन. जिथं तुझ्या सीटवर काही अंथरतील तिथून गाडी घ्यायची नाही. मग जन्मभर एसटीनं फिरेन.

आणि माझ्यासाठी दार उघडू नकोस. उघडलंस तरी मी आत बसणार नाही.

तुझा भाचा."