जोडीदार आली नाही

मी नागपुरात बर्डीच्या बाजारात होते, दुकानदाराशी चादरीच्या रंगावरून हुज्जत घालत, आणि सनाचा फोन आला. सना आमची जुनी विद्यार्थिनी, आता बुटीबोरीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. एरवी फोन खाली न ठेवणारी ही पोरगी एवढंच म्हणाली, "मॅडम गेल्या." कोणत्या मॅडम, हे विचारायची गरज नव्हती... चादर तिथेच टाकून मी मेट्रोच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. आमच्या कॉलेजच्या माजी प्राचार्या शालिनी मॅडम त्या सकाळी गेल्या. त्याला आता महिना होत आला. रडून झालं, आणि मागे उरलं आहे ते त्यांचे आभार मानायचं राहून गेलेलं काम.

प्राचार्य होण्याआधी आणि झाल्यावरही त्या रसायनशास्त्र शिकवत, आणि मी त्यांच्या हाताखाली. त्यांच्या आईवडिलांनी नागपुरातच धम्मदीक्षा घेतलेली. मॅडम स्वतः कॉलेजात शिकत होत्या तेव्हा प्रॅक्टिकलला त्यांच्या टेबलाशी दुसरं कोणी उभं राहायचं नाही. सर म्हणायचे, तू हुशार आहेस, एकटीनेच कर. "एकटीनेच केलं म्हणून तर माझं टायट्रेशन इतकं पक्कं," असं त्या हसत सांगायच्या. ऐकणाऱ्याला मात्र हसू यायचं नाही.

त्या विभागप्रमुख झाल्या तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत मुलं आपापल्या ओळखीने जोड्या लावत. खेड्यातून एसटीने येणारी एकीकडे, लकडगंजच्या व्यापाऱ्यांची मुलं दुसरीकडे, वस्तीतली तिसरीकडे. मॅडमनी एक मोठं बीकर घेतलं. प्रत्येकाने चिठ्ठीवर फक्त आपलं नाव लिहायचं, आडनाव नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चिठ्ठ्या काढायच्या, निघेल तो महिनाभराचा जोडीदार. मी त्याला मॅडमचं स्वयंवर म्हणायचे. वर्गात मुलांची संख्या विषम असली की त्या स्वतःची चिठ्ठीही टाकत, आणि "शालिनी" ज्याच्या वाट्याला यायची त्याची महिनाभर घाबरगुंडी उडायची. आणखी एक नियम होता: जोडीदार आला नाही, तर संध्याकाळपर्यंत त्याची विचारपूस करून मॅडमना सांगायचं. मला हे सगळं फार खटाटोपाचं वाटायचं. पोरं रसायनशास्त्र शिकायला येतात की सोयरीक जुळवायला, असं मी एकदा बोलूनही दाखवलं. त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला आणि बीकर पुसत राहिल्या.

मॅडम प्राचार्य झाल्यानंतर, सना शेवटच्या वर्षाला होती तेव्हा शहरात दंगल झाली. काही भागांत संचारबंदी लागली, मोबाइलवर नको नको ते फिरू लागलं. कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा वर्गात अर्धी बाकं रिकामी. स्टाफरूममध्येसुद्धा आम्ही एकमेकांकडे पाहून बोलायचं थांबत होतो, हे मला आजही आठवतं. संचारबंदी थोडी सैल झाल्यावर त्या भागातून पहिल्यांदा परतली ती सना. मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी पटांगणात सभा घेतली, सनाला स्टेजवर बोलावलं, एका मुलाच्या हातून तिला गुलाबाचं फूल दिलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटोही निघाले.

दुसऱ्या दिवशी सना आली नाही.

त्या महिन्यात तिची जोडीदार होती प्राची. लकडगंजच्या घाऊक व्यापाऱ्याची मुलगी. ही जोडी निघाली तेव्हा प्राचीचे वडील तक्रार घेऊन आले होते, आणि मॅडमनी त्यांना बसवून, नियम सगळ्यांना सारखा आहे, असं शांतपणे सांगून परत पाठवलं होतं. प्राचीने नियमाप्रमाणे फोन केला आणि संध्याकाळी केबिनमध्ये येऊन उभी राहिली. मी तिथेच होते. ती म्हणाली, "मॅडम, सना आता येतच नाही म्हणते. घरचे तर आधीच नाही म्हणून राहिले होते, आता तीच म्हणते." आणि परीक्षेचं प्रॅक्टिकल तोंडावर आलेलं. चुकलं की वर्ष जाणार, आणि घरी बसलेली मुलगी वर्षभराने परत येते यावर आमचा कोणाचाच विश्वास नव्हता.

संचारबंदी पुन्हा सैल होताच मॅडम प्राचीला आणि मला घेऊन सनाच्या घरी गेल्या. तिच्या अब्बांनी खुर्च्या मांडल्या, सरबत दिलं, आणि रस्त्याची भीती वाटते एवढंच म्हणत राहिले. सना दाराशी उभी होती. मॅडमनी विचारलं, "काहून नाही येत वं?"

तिने एकदा प्राचीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मॅडम, मी पहिल्या वर्षापासून तिथंच शिकून राहिली. मले फूल काहून दिलं? मी काय पाहुणी आहे?"

मॅडमनी हातातला पेला खाली ठेवला. "चुकलं वं माझं," त्या म्हणाल्या. "मले एकटीले टेबलाशी उभं करत होते, अन् मी तुले एकटीले स्टेजवर उभं केलं. आता फूल नाही, टाळ्या नाही. तू फक्त तुझ्या टेबलावर ये."

अब्बांनी आम्हाला दारापर्यंत सोडलं. आम्ही परतलो ते हात हलवत, असंच मला वाटलं.

सोमवारी नेहमीचं प्रॅक्टिकल सुरू झालं तरी प्राची ब्युरेटची नळी न भरता उभी होती. मी खिडकीतून पाहिलं, तर फाटकाशी तिच्या वडिलांची गाडी थांबली. तेच तक्रारवाले, प्राचीने गळ घालून पाठवलेले. मागच्या दारातून सना उतरली, पुढून तिचे अब्बा. दोन्ही बाप एकमेकांशी फारसं बोलले नाहीत, पण सना इमारतीत शिरेपर्यंत शेजारी शेजारी उभे राहिले. सना प्रयोगशाळेच्या दारात आली आणि सगळा वर्ग थबकला. मॅडमनी वरही पाहिलं नाही. "उशीर झाला," त्या म्हणाल्या, "अ‍ॅप्रन घाल." सना टेबलाशी गेली, प्राचीने ब्युरेट पुढे केली. मॅडम पाठमोऱ्या होऊन फळा पुसत होत्या, आणि फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला, आणि मी तो त्यांना कधीच सांगितला नाही.

त्या निवृत्त झाल्यावर बीकर माझ्याकडे आलं. आता खटाटोप मी करते, आणि नवे प्राध्यापक मला हसतात. त्या गेल्यानंतर आलेल्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी वर्गात मुलांची संख्या विषम होती. माझ्या नावाची चिठ्ठी टाकायची, तर कपाटात त्यांची जुनी सापडली. का कोण जाणे, मी तीच टाकली. पहिल्या वर्षाच्या, रामटेककडून येणाऱ्या एका मुलीने ती उचलली आणि "शालिनी कोण?" म्हणत सगळीकडे पाहू लागली. मी नुसती तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि दोघींनी मिळून टायट्रेशन केलं.

संध्याकाळी मी कुलूप लावत होते, तेव्हा ती मुलगी पाठीवर बॅग घेऊन आली. एसटीची वेळ झाली होती, तरी थांबली.

"मॅडम, माझी जोडीदार आज आली नाही," ती म्हणाली. "तिची विचारपूस कोणाले करू?"

मी कुलूप काढलं, दिवा लावला आणि तिला म्हटलं, "बस, सांगते."