अंगावरचा चेंडू

माझी भाची शाहिंदा स्क्वॉशकडे वळली ती कान दुखत होता म्हणून. आठ वर्षांची होती. पोहायला न्यायचं तर डॉक्टर नको म्हणाले, आणि अलेक्झांड्रियात क्लबात पोर सोडायचं तर पोहणं नाहीतर स्क्वॉश, तिसरं आहेच काय? माझी बहीण बँकेत जायची, म्हणून कोर्टाच्या काचेमागच्या बाकावर मी बसले. अजून बसतेच आहे, सूर्यफुलाच्या बिया सोलत. क्लबाच्या सेक्रेटरीने माझ्यासाठी सालांचा वेगळा डबा ठेवलाय.

सतराव्या वर्षी ती व्यावसायिक झाली आणि जगभर हिंडायला लागली. एकदा जगात विसावीपर्यंत पोचली होती. छोट्या स्पर्धांना खेळाडू हॉटेलात कुठले, गावातल्या कुणाच्या तरी घरी उतरतात. मला तिच्या निकालापेक्षा त्या घरांच्याच चौकशा जास्त. क्वालालंपूरच्या घरात मांजरं किती, स्कॉटलंडच्या म्हातारीने नाश्त्याला काय दिलं, सगळं खोदून खोदून विचारायचे. एका दाताच्या डॉक्टराशी साखरपुडाही झाला होता. भिंतीवर चेंडू आणखी किती वर्षं आपटणार आहेस, असं त्याने विचारलं. तिने अंगठी परत केली आणि दुसऱ्या दिवशी दोह्याचं विमान पकडलं. मला तो मुलगा तसाही आवडला नव्हता.

आता ती चौतिशीत आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्रमवारीत खूप खाली घसरली, सकाळी क्लबातल्या मुलींना शिकवते. पण वर्षभर क्लबात तिला एकीनेही हरवलं नव्हतं. त्यावर तिची भिस्त होती.

या वसंतात समुद्रकाठी काचेचं कोर्ट उभारून मोठी स्पर्धा व्हायची होती. आमच्या क्लबाला त्यात एकच जागा मिळाली. शाहिंदा आणि तिचीच शिष्या जुमाना, दोघींत सामना लावला. जुमाना सतरा वर्षांची, शेंगेसारखी लांब. शाहिंदाने मला आधीच सांगून ठेवलं होतं, जागा मिळाली तर अजून दोन वर्षं खेळायचं, नाही मिळाली तर रॅकेट खुंटीला. मला रात्रभर झोप नाही.

चौथा गेम चालू होता. शाहिंदा दोन-एकने पुढे, आणि या गेममध्येही आठ-पाच. तीन गुण मिळाले की जागा तिची. तेवढ्यात जुमानाला चेंडू अगदी मनासारखा मिळाला, आणि शाहिंदा बरोबर तिच्या समोर, पाठमोरी. आता या खेळात समोरची वाटेत आली तर थांबून हात वर करायचा, पंच गुण देतो. नाहीतर सरळ मारायचा, चेंडू तिच्या अंगावर बसला तरी गुण मारणारीचाच. शाहिंदाने मार बसणार म्हणून पाठ आवळली होती, मला काचेतून दिसलं. जुमानाने दोन्हीतलं काही केलं नाही. वळसा घालून हलकासा चेंडू टाकला. शाहिंदाने तो सहज मारून गुण घेतला.

मी टाळी वाजवायला हात उचलले, तर शाहिंदा जागची हलेना. मार चुकला म्हणून इतकं रागावलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

"मारला का नाहीस?" तिने विचारलं.

"ताई, तुम्ही समोर होतात."

"मग हात का नाही वर केलास?"

पोरीने मान खाली घातली. "तुमची तक्रार कशी करायची, ताई? आम्ही कुणीच नाही करत."

शाहिंदा पंचाकडे वळून म्हणाली, गुण हिचा. पंच म्हणाला, आता उशीर झाला. तिने पुढची सर्व्हिस मुद्दाम छतावर मारली आणि गुण परत केला. माझ्या हातातल्या बिया सांडल्या. वेडी आहे का ही, असं मी मोठ्याने बोलले.

"इथे ताई कुणी नाही," ती जुमानाला म्हणाली. "मार."

थोड्या वेळाने चेंडू शाहिंदाच्या मांडीवर असा बसला की आवाज बाहेर ऐकू आला. जुमानाने तोंडावर हात ठेवला. शाहिंदाने मांडी चोळली आणि पुढच्या चेंडूसाठी उभी राहिली. तो गेम गेला, पाचवाही गेला. जागा जुमानाची झाली.

कपडे बदलायच्या खोलीत मी बर्फ धरला आणि चांगलं झापायच्या बेतात होते.

"मावशी, आम्ही कुणीच तक्रार नाही करत, म्हणाली ती," शाहिंदा म्हणाली. "वर्षभर मी जिंकले, त्यातलं माझं किती?"

इतकी वर्षं प्रश्न मीच विचारत आलेय. झापायचं राहिलं, मला रडू आलं.

रॅकेट खुंटीला जाईल असं मला वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून ती क्लबातल्या एकेका मुलीला सामन्याला बोलवायला लागली. अट एकच, मी वाटेत आले तर अंगावर मारायचा. पहिल्या दोघींनी तिला हरवलं. समुद्रकाठची स्पर्धा आली नि गेली. ही आपली जुन्या कोर्टावर खेळतेय आणि मी बर्फ आणतेय. हे कशासाठी, असं विचारलं की पुढच्या मुलीला हाक मारते.

काल तिसरी मुलगी होती, राविया, तिघींत सर्वांत दांडगी. पाच गेम चालले. शेवटचा गुण शाहिंदाने घेतला तेव्हा तिच्या पाठीवर दोन ताजे लाल वळ होते. काचेपाशी येऊन तिने माझ्यासमोर हात टेकला.

"हा माझा, मावशी," ती म्हणाली.