ऑकलंडच्या लायसन्ससाठी ढोकी ते धाराशिव

न्यूझीलंडला गेले तेव्हा वाटलं होतं, आपल्याकडं भारताचं लायसन्स आहे, काळजी कसली? ते तिथं चालतं, पण काही काळच. पुढं तिथलं काढावं लागतं. जुना अनुभव सिद्ध केला तर थेट पक्क्या लायसन्सची परीक्षा, नाही तर शिकाऊपासून श्रीगणेशा. माझं काम घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करण्याचं, ते शिकाऊ लायसन्सवर जमणारं नव्हतं. त्यात माझं लायसन्स जुनं, छोट्या पुस्तकाचं, ऑनलाइन त्याचा पत्ताच नाही. म्हणजे जिथं काढलं तिथल्या आरटीओतूनच लायसन्स खरं असल्याचं पत्र आणायचं. खरं सांगते, हे ऐकून मला आनंदच झाला. तुम्ही मात्र देश सोडण्याआधी हे उरकून घ्या.

हैदराबादला उतरले. नळदुर्ग, तुळजापूर करत एसटीनं धाराशिवला आले. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, सुट्टे तेवढे जवळ ठेवा. स्टँडवर गरम गुलाबजाम खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका. पूर्वी आबा, म्हणजे माझे वडील, गाडी घेऊन न्यायला यायचे. आता त्यांची नजर अधू झालीय, स्टेअरिंग सुटलंय. आमच्या गावी, ढोकीला पोचले तर गाडी धुऊन पुसून अंगणात उभी होती.

सकाळी मी गाडी काढली. आबा शेजारी बसले. याच रस्त्यावर त्यांनी मला शिकवलं होतं, तेव्हाही ते असेच शेजारी बसायचे. कारखाना चालू असला की इथं उसाच्या ट्रॉल्यांमागं निवांत राहावं, ओव्हरटेकची घाई नको. तेरला चहा आणि भजी झाली.

आमच्याकडं धाराशिव जवळ आलं, की तुळजापूरच्या दिशेनं एक हात उचलून छातीला लावतात. चालत्या गाडीतसुद्धा. या सवयीनं मी ऑकलंडच्या शिकवणीत चर्चसमोरच हात उचलला होता. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, परीक्षेत असं केलंस तर नापास होऊन घरी जाशील. म्हणून त्या सकाळी मी हात उचललाच नाही.

"देवीला इसरलीस व्हय गं?" आबांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं.

"मग तू दोन्ही हात स्टेअरिंगवर ठिव. तुझ्या वाटचा म्या जोडतो."

आणि त्यांनी दोनदा हात छातीला लावला. एकदा स्वतःचा, एकदा माझा. मला रस्ता धूसर दिसायला लागला.

आरटीओत साहेब म्हणाले, जुनी नोंद शोधावी लागेल, सोमवारी या. अशा वेळी माणसानं वैतागावं, मी मनातून सुखावले. सोमवारी गुरुवारचा वायदा मिळाला. प्रत्येक खेपेला आबा धुतलेलं धोतर नेसून माझ्याआधी गाडीत बसलेले असायचे. गुरुवारी नोंद कॉम्प्युटरवर चढली, सहीशिक्क्याचं पत्र हातात पडलं. येताना तेरला चहासाठी थांबलो आणि उगाच दुसरा कप मागवला.

ऑकलंडला परत येऊन परीक्षा दिली. पास झाले. आबांना फोन केला.

"लई ब्येस झालं," ते म्हणाले. "आता कागदासाठी यायची गरज न्हाय."

मी म्हटलं, आबा, कागद हे निमित्त होतं. ते हसले, पण कधी येतेस ते त्यांनी विचारलं नाही, आणि मलाही सांगता आलं नसतं. इथं परक्यांच्या आईबापांना वेळेवर औषध देण्यासाठी मी रोज गाडी काढते. चर्चचं वळण येतं. दोन्ही हात स्टेअरिंगवर असतात, आणि डोळे शेजारच्या रिकाम्या सीटकडं जातात.