एक डेमोक्रॅट पाहिजे

व्हर्ना स्टकी हाडाची रिपब्लिकन. आमच्या केलर्सबर्गात त्याचं कुणाला काही वाटत नाही, इथं बहुतेक जण तसेच जन्माला येतात. पण लूथरन चर्चच्या तळघरातल्या मतदान केंद्रावर तिच्याइतकी वर्षं कुणी बसलं नव्हतं, आणि तिच्याइतके नियमही कुणी पाळले नव्हते. त्या टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं लागतात. व्हर्नाच्या शेजारी ओपल बसायची, ती डेमोक्रॅट. दिवसभर दोघी भांडायच्या आणि एकाच डब्यातलं खायच्या. गेल्या हिवाळ्यात ओपल कायमची लेकीकडे ॲरिझोनाला गेली.

जिल्ह्याच्या कचेरीतून निरोप आला. मे महिन्यातल्या, उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीपुरता शेजारच्या गावचा माणूस उसना मिळेल. पुढं मात्र गावातला डेमोक्रॅट मिळाला नाही तर केंद्र बंद, मतदान हमरस्त्यापलीकडे जत्रेच्या मैदानावर. चर्चमागच्या इमारतीतली म्हातारी मंडळी वॉकर ढकलत तळघरापर्यंत यायची. ती हमरस्ता कसली ओलांडणार? व्हर्नाची झोप उडाली.

मग ही कट्टर बाई केक भाजून दारोदार डेमोक्रॅट शोधत फिरली. लोक केक खायचे आणि मान हलवायचे. आमच्याकडे माणसाचा पक्ष कोणता, तर मे महिन्यात त्यानं टेबलापाशी ज्याची मतपत्रिका मागितली तो. इथला पोलीसप्रमुख, म्हणजे शेरीफ, कोण होणार ते रिपब्लिकनांच्याच मतपत्रिकेवर ठरतं, म्हणून मनात काहीही असो, मागायची तीच. नोव्हेंबरातल्या खऱ्या मतदानात आडोशामागं कोण काय करतो, ते ज्याचं त्याला ठाऊक.

"अगं, तूच हो की डेमोक्रॅट," मैत्रीण नॉर्मा म्हणाली. "तुझ्या जागेवर रिपब्लिकन काय, पायलीचे पन्नास मिळतील."

"आणि खोटं बोलून बसू?" व्हर्ना कडाडली. "दुसऱ्याचा डोळा हवा म्हणून तर तो नियम आहे. माझाच एक डोळा त्या खुर्चीवर ठेवून काय उपयोग?"

त्या संध्याकाळी जेवताना ती नवऱ्यापुढं धुसफुसत होती. मर्लचं मुख्य रस्त्यावर केस कापायचं दुकान. माणूस अबोल. त्यानं बटाटा मोडला आणि म्हणाला, "एक जण आहे."

"कोण?"

"मी."

व्हर्नाचा काटा हातातच राहिला. "कधीपासून?"

"आपलं लग्न झालं त्याच्या आधीपासून."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तू बोलत होतीस की."

न्याहारीच्या टेबलावर तिनं त्या पक्षाचा केलेला उद्धार तिला आठवला. 'बिनडोक' हा त्यातला सौम्य शब्द. मर्ल ते सगळं अंड्याबरोबर मुकाट गिळत आला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दुकानाचं काय?" तिनं हळूच विचारलं. तिथं येणारी डोकी सगळी तिच्याच पक्षाची.

"तेच तर."

"तुझं तू ठरव," ती म्हणाली. पुढं तिनं तो विषय काढला नाही, आणि व्हर्नासाठी हे सोपं नव्हतं.

मे महिन्यात मतदानाच्या सकाळी रांग जिन्यापर्यंत गेली होती. मर्ल टेबलापाशी आला. त्याच्या मागं ड्वेन केटलर, गावातला सगळ्यात मोठा प्रचारफलक ज्याच्या अंगणात असतो तो.

"कोणती मतपत्रिका?" व्हर्नानं परक्याला विचारावं तसं विचारलं.

मर्लनं घसा खाकरला. "डेमोक्रॅट."

रांगेतली सगळी डोकी वळली.

"अरे मर्ल," ड्वेन ओरडला, "माझ्या मानेवर तुझा वस्तरा असतो रे!"

"इतकी वर्षं होताच की. कापली का?"

आधी ड्वेनच हसला, मग सगळी रांग. तेवढ्यात मागून आयरिस पुढं झाली. जन्मभर शाळेची बस चालवलेली बाई, पण आवाज आज जेमतेम फुटत होता. "मलाही तीच दे."

"मलासुद्धा," वॉकरवाले एक आजोबा म्हणाले. "एवढं सोपं होतं होय?"

व्हर्ना ताडकन उठली. "अख्खा हिवाळा मी एका माणसासाठी वणवण फिरले! तुम्हा दोघांच्याही दारात आले होते! कुठं लपला होतात?"

आयरिसच म्हणाली, "व्हर्ना, आम्हाला तुझीच भीती वाटायची गं."

व्हर्ना मटकन खाली बसली. तिनं मर्लकडं पाहिलं. तो बुटांकडं बघत होता, म्हणजे खरंच होतं. तिचे डोळे भरून आले, आणि तेही चारचौघांत.

"खुर्ची एकच आहे, ती मर्लची," ती म्हणाली. "तुम्ही दोघांनी रविवारी घरी जेवायला यायचं. आणि काय बोलायचं असेल ते माझ्या तोंडावर बोलायचं. मी मध्ये तोंड घालणार नाही."

"बघू हं," मर्ल म्हणाला, आणि आपली मतपत्रिका घेऊन आडोशामागं गेला.